चौगुले फाउंड्रीची जत्रा

"माणसं कुठायत?" दाबकेसाहेबांनी विचारलं.

मोल्डिंग शॉपच्या मधोमध आम्ही तिघं उभे होतो. मी, माझे मालक भूपालआण्णा चौगुले, आणि पुण्याच्या एका पंपाच्या कंपनीकडून तपासणीला आलेले दाबके. भट्टी थंड होती. साचे ओळीनं मांडून ठेवलेले, वाळूचा ढीग तसाच, कोपऱ्यात एक मांजर अंग चाटत बसलेलं. फाउंड्रीत चिमणीचा आवाज ऐकू येण्याचा माझ्या नोकरीतला तो पहिलाच प्रसंग.

"आहेत की हजर," आण्णा म्हणाले. "ते बघा, तिघं."

तिघं होते खरे. त्यातल्या एकाचा शनिवारचा उपास होता. दुसऱ्याचं यजमानाशी बांधावरून भांडण होतं. तिसरा बिहारचा, नुकताच लागलेला. आज सगळे कुठं गेलेत हे त्याला त्या दोघांनी आत्ताच सांगितलं होतं, आणि तो फार दुःखी दिसत होता.

"आणि बाकीचे?"

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. माणसं सांभाळणं हे माझं काम होतं, त्यासाठी मला पगार मिळत होता, तेव्हा उत्तरही माझ्याच वाट्याला आलं.

"कुरणवाडीला गेलेत सर. जत्रा आहे."

"एवढे सगळे कुरणवाडीचे आहेत?"

"नाही. कुरणवाडीचे दोघंतिघंच. बाकीचे जेवायला गेलेत."

दाबक्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माणूस उंच, टक्कल पडलेला, पुण्याहून स्वतःचं पाणी घेऊन येणारा. ते शांतपणे म्हणाले, "चौगुले, तुमचं ओतकाम उत्तम आहे, त्यात मला काही म्हणायचं नाही. पण मला दर आठवड्याला ट्रक भरून माल हवा. गावोगावच्या देवांना विचारून मी पंप बनवू काय?"

दाबक्यांनी खिशातली डायरी काढून मे महिन्यातला पहिला सोमवार सांगितला. त्या दिवशी ते पुन्हा येणार. पूर्ण शिफ्ट उभी दिसली तर ऑर्डर आमची, नाही तर सांगलीकडची एक फाउंड्री त्यांनी बघून ठेवलेलीच होती. तारीख बदलणार नाही, असंही त्यांनी गाडीत बसता बसता सांगितलं.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर आण्णांनी थंड भट्टीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तृप्ती, ही ऑर्डर आली तर मी दुसरी भट्टी लावतो. दुसरी भट्टी लागली की माणसं दुप्पट, मग तुझ्याशिवाय माझं चालायचं नाही. पण नाही आली तर आहेत तेवढ्यांची हजेरी मी पूर्वीही घेतच होतो की."

आण्णा कधी कुणाला 'काढून टाकतो' म्हणत नसत. एवढंच म्हणत.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होत आली. मी भुसावळची, वाघुळद्यांची. वडील रेल्वेत. पुण्याला शिकून थेट कोल्हापूरला लोखंडाच्या कारखान्यात नोकरीला जाते म्हटल्यावर घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. शेवटी आईनं एक वर्षाची मुदत दिली. जमलं तर ठीक, नाही जमलं तर मुकाट्यानं परत यायचं. जळगावचं एक स्थळ तिनं तोवर थोपवून धरलं होतं. दर रविवारी मी एसटीडी बूथवरून फोन करायची आणि आई पहिल्यांदा हेच विचारायची, "जमू राह्यलं का व माय? नसन जमत तं ये निंघून." आणि मला तर तिथून हलायचं नव्हतं. मला ती माणसं फार आवडायला लागली होती.

आता या जत्रेच्या भानगडीचं मूळ सांगते, म्हणजे दोष कुणाच्या पदरात घालायचा ते तुम्हीच ठरवा.

आण्णांच्या फाउंड्रीत पूर्वी सगळे कामगार एकाच गावचे. वर्षातून एकदा त्या गावची जत्रा असायची, त्या दिवशी कारखाना बंद. कुणाची तक्रार नव्हती. पण आण्णा पडले हिशेबी. त्यांनी विचार केला, एका गावची माणसं घेतली म्हणून सगळी एका दिवशी जातात. त्यापेक्षा दर गावातली थोडी थोडी घ्यावीत. मग कुठल्याही जत्रेला दोघंचौघं जातील, बाकीचा कारखाना चालू. शक्कल बिनतोड होती. आजूबाजूचे कारखानदार येऊन आण्णांची पाठ थोपटून गेले.

फक्त निरनिराळ्या गावची ही माणसं एकमेकांशी बोलेनात. मोल्डरनं हाक मारली तर भट्टीवाला ऐकेना, डबे खायला प्रत्येक गाव वेगळ्या झाडाखाली. म्हणून आण्णांनी मला आणलं. यांना एक कर, म्हणाले. मीही कामाला लागले. क्रिकेटच्या टीम पाडताना एका गावचे दोघं एकत्र येऊ दिले नाहीत. वाढदिवस केले. एकाच्या बहिणीच्या लग्नाला सगळ्यांना टेम्पोत घालून नेलं. सहा महिन्यांत माणसं अशी काही एक झाली, की आण्णा चारचौघांत माझं कौतुक करायला लागले.

आणि मग चैत्र आला. कोल्हापूरकडे चैत्र-वैशाखात आज या गावची जत्रा, तर उद्या त्या गावची. जत्रा म्हणजे दुपारी देवाला नैवेद्य, मग दारात मांडव, चुलीवर मटणाचं पातेलं, आणि येईल त्याला जेवण. ज्याच्या दारात पाहुणे जास्त, त्याची मान वर. बोलावलेला पाहुणा आला नाही, तर तो अपमान वर्षभर विसरला जात नाही. आता आमच्या कारखान्यात सगळे एकमेकांचे जिवाभावाचे दोस्त, तेव्हा सगळ्यांना सगळ्यांचं बोलावणं. पूर्वी वर्षातून एकदा बंद पडणारा कारखाना आता गावागणिक बंद पडायला लागला. आण्णांची शक्कल आणि माझी मेहनत, दोन्ही मिळून हे झालं होतं.

दाबक्यांचा सोमवार जवळ यायला लागला, तशी मी त्या दिवशी कुठं जत्रा आहे का याची चौकशी केली. होती. तळसंगीची. आणि तळसंगीचा आमच्याकडे कोण, तर सर्जेराव.

सर्जेराव म्हणजे आमचा भट्टीवरचा मुख्य माणूस. आडवा बांधा, मोठा आवाज, आणि साऱ्या शॉपचा लाडका. त्यानं बोलावलं आणि कुणी गेलं नाही, असं होणं शक्य नव्हतं.

मी फळ्यावर नोटीस लावली. त्या सोमवारी कुणालाही रजा नाही, कारण असं असं आहे, ऑर्डर सगळ्यांच्या भल्याची आहे. माणसं नोटिशीपुढं गोळा झाली. एकानं मोठ्यानं वाचून दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. "बरोबर हाय म्याडमचं," एकजण म्हणालासुद्धा. मी खूश होऊन वळले, तेवढ्यात त्याच नोटिशीखाली उभा राहून सर्जेरावानं हाळी दिली, "सोमवारी समद्यांनी आमच्याकडं जेवाय यायचं बरं का! दुपारीच या, उगा रात करू नगासा!"

"येतो की!" सगळे म्हणाले.

मी सर्जेरावाला बाजूला घेतलं.

"सर्जेराव, आत्ता नोटीस वाचली ना?"

"वाचली की."

"मग?"

"म्याडम, नोटीस तुमची, तारीख द्येवाची. आता तुम्हीच सांगा, कुणाला न्हाई म्हणायचं?" आणि वर हात जोडून, "तुम्ही बी यायचं. आण्णास्नी शाकाहारी येगळं केलंय."

माझ्यापुढं मार्ग दोन. पगार कापायची धमकी द्यायची, किंवा सर्जेरावाच्या घरी जाऊन पाय धरायचे. धमकी देऊन पाहणाऱ्या एका शेजारच्या कारखानदाराची माणसं पगार कापून घेऊन जत्रेत जेवायला गेली होती. तेव्हा जत्रेच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी सकाळी मी एसटी पकडून तळसंगीला गेले.

सर्जेराव घरी नव्हता, देवळाच्या रंगरंगोटीला गेला होता. मला आत स्वयंपाकघरातच बसवलं. तिथं त्याची बायको सुलाबाई भाकरी थापत होती आणि आई गंगूआक्का लसूण सोलत होती. आक्का सत्तरीची, नाकात मोठी नथ, आणि कोल्हापूरकडच्या बायकांसारखी स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' म्हणणारी. मी आधी एका पुरणपोळीला आणि एका बारशाला या घरी जेवून गेलेली होते, त्यामुळं ओळख जुनीच होती.

मी सगळं सांगितलं. दाबके, ऑर्डर, दुसरी भट्टी. माझी नोकरी जाईल हेही सांगितलं, लपवलं नाही. आक्कानं लसूण सोलता सोलता सगळं ऐकून घेतलं.

"लई वंगाळ झालं," ती म्हणाली. "पर मी काय म्हणतो, पाव्हणं आलं न्हाईत तर ताटं कुणाम्होरं ठेवायची? समद्या गावात चुली पेटणार, आमच्याच दारात मांडव रिकामा. सर्जा काय तोंड दावील?"

"एका वर्षी चालणार नाही का आक्का?"

"जत्रंला न्हाई म्हणायचं नसतंय पोरी." मग तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि तिच्या डोळ्यांत थट्टा आली. "ते ऱ्हाऊ दे. तू समद्यांच्या जत्रंला जेवून आलीस. कुरणवाडीला रातीला का हुईना जेवलीस, बेलवडीला जेवलीस. तुझी जत्रा कवा? का नुसतंच खायाचं?"

सुलाबाई खुदकन हसली. मीही हसले. "आमचं गाव इथून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब आहे आक्का. तिथं कोण येणार जेवायला?"

"लांब असंना. जिथं माणूस ऱ्हातंय तिथं त्येचं दार असतंय."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला होता, तो तसाच खाली ठेवला.

"आक्का, एका दिवशी दोन जत्रा आल्या तर काय करतात?"

"काय करणार? दुपारी एकीकडं, रातीला दुसरीकडं. दोघांचा बी मान ऱ्हातो."

"आणि कुणाकडं दुपारी, कुणाकडं रात्री?"

"जे लांबचं, तिकडं दुपारी. जवळचं काय, रातीला बी जमतंय."

"मग माझी जत्रा तुमच्याच जत्रेच्या सोमवारी आहे," मी म्हणाले. "दुपारी. कारखान्यात. तुमच्या सगळ्यांना बोलावणं."

सुलाबाईचा थापणारा हात थांबला. आक्का लसणाची पाकळी हातातच धरून अशी हसत सुटली, की तिला ठसका लागला. तेवढ्यात सर्जेराव हाताला रंग लागलेला तसा घरात आला.

"सर्जा," आक्का डोळे पुसत म्हणाली, "आपल्या जत्रंदिवशीच म्याडमची बी जत्रा हाय. दुपारी तिकडं जेवायचं, समद्यांस्नी सांग. आपली रातीला."

"असली कसली जत्रा?" सर्जेराव भांबावला. "द्येव कुठला?"

"भट्टी हाय की. दसऱ्याला हळदकुंकू वाहतूस न्हवं तिला?" आक्कानं निकाल दिला. "आता बोलावणं आलंय घरात. न्हाई म्हणून दाव बघू."

सर्जेराव हातावरचा रंग खरवडायला लागला. तो स्वतःच्याच कायद्यात सापडला होता.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी एकेक गाव घेतलं. एकालाही कारखान्यात उभ्या उभ्या सांगितलं नाही. घरी गेले, घरातल्या बायकांना कुंकू लावलं, म्हाताऱ्यांच्या पाया पडले आणि "आमच्या जत्रेला यायचं" म्हणाले. माणसं आधी हसायची. मग कुंकू लागलं, की गंभीर व्हायची.

आण्णा जैन, तेव्हा सांगितल्यावर पहिल्यांदा एकच बोलले, "माझ्या कंपाउंडात मटण शिजायचं नाही." मी म्हटलं, शिजणार नाही, आमची जत्रा खानदेशी आहे. मग त्यांनी विचारलं, "आणि दाबके?" मी म्हटलं, "माणसं बघायला येताहेत ना, माणसं दिसतील." आण्णांनी कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाले नाहीत.

घरी फोन केला. काका आमच्याकडे भंडाऱ्याच्या स्वयंपाकाला प्रसिद्ध. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी करावी तर त्यांनी. ते लगेच तयार झाले. आई म्हणाली, "मीबी येते." कशाला, ते मला कळत होतं. माझी ट्रंक भरायला ती येत होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी, रविवारी, दोघं महाराष्ट्र एक्स्प्रेसनं उतरली, बरोबर पिठाचे डबे आणि वांग्यांची पोती. आईनं माझी खोली बघितली, हातावरचे वाळूचे ओरखडे बघितले, आणि म्हणाली, "उद्याचं होऊ दे. मंग बोलू."

सोमवारी सकाळी शिफ्टची घंटा झाली आणि मी फाटकाशी उभी राहिले. एक सायकल आली, मग दोन, मग स्कूटरवर तिघं, मग टेम्पो भरून. उपासवाला आला, बिहारी आला, कुरणवाडीच्या यजमानाशी भांडलेलाही आला. शेवटी सर्जेराव. नवीन फेटा बांधून आला होता. तो फेटा त्यानं खुंटीला लावला, चेहऱ्याला फडकं बांधलं आणि भट्टी पेटली.

दहाच्या सुमाराला दाबके आले. शॉपमध्ये पाय ठेवल्याबरोबर त्यांना बाजूला व्हावं लागलं, कारण ट्रॉली जात होती. कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलणं ऐकू येत नव्हतं. ते साच्यांमधून फिरले, वाळू चिमटीत धरून बघितली, माणसं नजरेनं मोजली. आण्णा त्यांच्या मागं मागं, चेहरा उजळलेला. पाठीमागच्या आवारात काकांनी गोवऱ्या पेटवल्या होत्या, तो धूर बघून दाबक्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, आज जेवण आहे सर, कामगारांना. "चांगलं आहे," ते म्हणाले.

बारापर्यंत सगळं असं दृष्ट लागण्यासारखं चाललं. मग फाटकाबाहेर हॉर्न वाजला.

पहिल्या टेम्पोतून बेलवडीच्या बायका उतरल्या, नव्या लुगड्यांत, कडेवर पोरं. त्यांच्यामागं दुसरा टेम्पो. मग ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीत दोन सासवा, एक आजोबा आणि खुर्ची. कुरणवाडीचे लोक आले, आणि त्यांच्याकडं मुक्कामाला असलेले पाहुणेही आले, कारण घरी पाहुणे ठेवून आपण एकटंच जत्रेला कसं जायचं? वॉचमन शिट्टी वाजवत इकडून तिकडं पळत होता. त्याची शिट्टी एका पोरानं जत्रेतली समजून मागितली.

मी घराघरात जाऊन, कुंकू लावून, जत्रेचं बोलावणं दिलं होतं. जत्रेला एकटा गडी येतो कुठं? घरंच्या घरं येतात. हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मोजमाप शिफ्टचं केलं होतं आणि बोलावलं अख्ख्या गावांना.

आण्णा पांढरे पडले. दाबके खिडकीशी येऊन उभे राहिले.

"वाघुळदे, हे काय आहे?"

"जत्रा आहे सर."

"कुणाची?"

"माझी," मी म्हणाले. आता दुसरं बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

दाबके काही बोलणार, तेवढ्यात ट्रॉलीतून उतरून गंगूआक्का काठी टेकत सरळ आमच्याकडे आली. देवाला नैवेद्य दाखवून आली होती, कपाळावर भंडारा होता.

"सर्जा कुठाय?"

"काम चालू आहे आक्का. ओतायची वेळ झालीय. सुट्टी झाली की येतील."

"मग दावा की कुठं करतोय ते. इतकी वर्सं झाली, मी बघितलोच न्हाई."

मी दाबक्यांकडे बघितलं. बाहेरच्या माणसाला शॉपमध्ये नेलं, तर तपासणीत त्याचाच शेरा बसेल. पण दाबकेच म्हणाले, "पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडं उभ्या राहा. पुढं एक पाऊल टाकायचं नाही." आणि स्वतः पुढं होऊन त्यांनी आक्काला नेलं. मग सुलाबाईही निघाली, तिच्यामागं बेलवडीच्या बायका, आणि बघता बघता पट्ट्यामागं ही मोठी रांग लागली.

भट्टी कलली. लाल-पिवळा रस मोठ्या डेचक्यात उतरला आणि सगळं शॉप उजळलं. पट्ट्यापर्यंत धग आली, तशा बायकांनी पदर तोंडावर ओढले. सर्जेराव डेचक्याचा दांडा धरून एकेका साच्यात रस ओतत होता. अंग घामानं निथळत होतं. तो कुणाकडे बघत नव्हता, बघता येतच नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना ती इतर गावांची माणसं, एकमेकांना खुणेनं सांगत, पाऊल जुळवून चाललेली.

मागं बायकांनी पोरांना दिसावं म्हणून कडेवर उचललं.

"ह्यो रोज हितं उभा ऱ्हातोय?" आक्कानं हळूच विचारलं.

"मला म्हणायचं, काय न्हाई, वाळूत काम असतंय," सुलाबाई डोळ्यांना पदर लावत म्हणाली. मी रोज ही माणसं बघत होते, त्यांच्या घरी जेवून येत होते, आणि त्यांच्या घरच्यांना हे एकदा दाखवावं असं मला कधी सुचलं नव्हतं.

शेवटचा साचा भरला. सर्जेरावानं तोंडावरचं फडकं काढलं, वळला, आणि समोर आपली आई बघून जागच्या जागी थिजला.

आक्कानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आनि घरी च्या गरम लागला, तर बोंबलतोय!"

सारं शॉप हसलं. आण्णा हसले. दाबक्यांना हसू आवरेना, म्हणून ते पाणी प्यायले.

हसणं ओसरल्यावर आक्कानं दाबक्यांनाच विचारलं, "हितला एखादा आला न्हाई, तर काय हुतंय वो साहेब?"

"आजी, रस एकदा तयार झाला की थांबत नाही," दाबके सांगायला लागले. "हात कमी पडले, तर तो थंड होतो. सगळी मेहनत वाया."

"म्हंजे पंगत बसली आनि वाढपी गायब."

"अगदी बरोबर."

आक्का मागं वळली. तिच्या मागं सगळ्या गावच्या बायका होत्या. "ऐकलंसा नव्हं? आता हे दुपारचं बोलावणं बंद करायचं. द्येवाला निवद दुपारी दावायचा, भट्टीवाल्यांस्नी रातीला वाढायचं. द्येव काय रुसायचा न्हाई."

"बेलवडीला बी रातीलाच," एकजण म्हणाली.

"कुरणवाडीलासुदिक. आनि जो दुपारी येईल, त्येला ताट न्हाई!"

गडी माना खाली घालून ऐकत होते. माझ्या नोटिशीपुढं एवढे कधी ते वाकले नव्हते.

मग आवारात पंगती बसल्या. काकांनी गोवऱ्यांवर भाजलेल्या बट्ट्या पाटीतून आल्या, तेव्हा आमच्या मोल्डरांनी त्या हातात घेऊन ओतीव मालासारख्या वाजवून बघितल्या. "आतनं पोकळ न्हाई, पास!" एकजण ओरडला. बट्टी कुस्करून वर वरण, तूप, आणि घोटलेली वांगी. काकांनी भंडाऱ्याच्या सवयीनं तिप्पट पीठ आणलं होतं म्हणून पुरलं, आणि आईनं वाढायला कंबर कसली होती. मटण नसलेली जत्रा लोकांनी पहिल्यांदाच पाहिली, पण पाटी परत जात नव्हती. सर्जेरावाच्या पानात पाचवी बट्टी पडताना मी बघितली आणि म्हटलं, "रात्रीची जागा ठेवा थोडी." तो म्हणाला, "म्याडम, ती येगळी जागा हाय."

दाबके आण्णांशेजारी मांडी घालून जेवले. हात धुताना म्हणाले, "चौगुले, ऑर्डर बुधवारपर्यंत पोचेल. भट्टीची तयारी करा." आण्णांनी दाबक्यांचा हात धरला. दाबक्यांनी तो हलकेच सोडवला आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "ते रात्रीच्या मटणाचं तळसंगी पुण्याच्या रस्त्यावर आहे का? मी खातो. आण्णांना सांगू नका."

संध्याकाळी आवार रिकामं व्हायला लागलं. टेम्पो तळसंगीकडे निघाले. काका राखेवर पाणी मारत होते, आई मोठी पातेली घासून पालथी घालत होती, आणि मी तिच्याशेजारी उकिडवी बसून ती आता काय बोलेल याची वाट बघत होते. ऑर्डर मिळाली हे खरं. पण आईची वर्षाची मुदत होती, आणि आईची मुदत म्हणजे दाबक्यांच्या तारखेपेक्षा कडक.

गंगूआक्का ट्रॉलीकडे जाता जाता थांबली. आईच्या हातावर तिनं खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"चांगलं जेवाय घातलंसा ताई. पुढल्या वर्सी ह्याच दिवशी या."

"पुढल्या वर्षी?" आई म्हणाली. "पुढल्या वर्षी ही इथं कुठं राहीन? मी तं तिले न्याले आली."

"तसं कसं चालंल?" आक्काला खरोखरच धक्का बसला. "जत्रा एकदा सुरू केली, की मोडता येत न्हाई. आता ती दरसाल घालायची. पोरगी न्हेलीसा तर जत्रा कोण घालणार? आण्णा?"

आण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी घाईघाईनं मान हलवली, "छे छे, मला जमायचं नाही."

आक्काला ट्रॉलीत चढवलं, ट्रॅक्टर फाटकाबाहेर गेला, सर्जेराव मागून हात हलवत राहिला. आईनं शेवटचं पातेलं घासलं, पालथं घातलं, पदराला हात पुसले. मग ती आण्णांकडे वळली.

"तुम्ही दुसरी भट्टी लावून राह्यले म्हणे?"

"हो ताई. दिवाळीपर्यंत लागेल."

"मंग माणसं वाढतीन." तिनं रिकाम्या पोत्यांकडे बघितलं. "तृप्ती, पुढच्या साली वांगी दुप्पट आणा लागतीन. काकाले आत्ताच सांगून ठेव, भाव वाढायच्या आत."